थाळी, धुकं आणि माझा ॲम्प्लिफायर

हे लिहायला मी बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि शाळेत जाईपर्यंत मराठी ही माझ्यासाठी मास्तरांची भाषा होती. घरात आम्ही आमचं बोलायचो. लिहायचं वळण मला लागलं ते प्रयोग लिहिण्यापुरतं. उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. पुढे आयुष्यभर विद्यार्थ्यांकडूनही मी तेच लिहून घेतलं. त्यामुळे घरातली गोष्ट सांगण्याचा अधिकार मला आहे का, हे मला खरंच माहीत नाही. पण यंदा एक म्हातारा आमच्या अंगणात येऊन बसला, आणि तो जे सांगून गेला त्यानंतर मला वाटू लागलं की त्या पावसाळ्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं. घरात तेव्हाची जी माणसं उरली आहेत, त्यांत लिहिता येणारा मीच आहे.

आमचा पाडा जव्हारकडे, वावर गावाकडून वांगणीच्या बाजूला उतरताना लागतो. घर कुडाचं, शेणानं सारवलेलं, पुढे ओटा. सकाळी जाग यायची ती कांडणाच्या आवाजानं. आय आणि जानी वहिनी एकाच उखळात दोन मुसळांनी वरई कांडायच्या. एकीचं मुसळ वर जाताना दुसरीचं खाली येई, आणि दोन घावांच्या मध्ये जागा उरत नसे. मी अंथरुणात पडून ऐकायचो. कधी वहिनीचा हात जरासा मागे राहिला, तर तेवढ्याशा फटीनंसुद्धा माझी झोप मोडायची. जेवण म्हणजे नागलीची भाकर, खुरासणीची चटणी, कधी उडदाची आमटी, सुकट मिळाली तर सुकट. भर पावसात कणगी रिकामी व्हायला लागली की आय रानातून करांद्याचे कंद आणायची. ते कडूजहर असतात. राखेच्या पाण्यात उकळायचे, टोपलीत घालून वाहत्या ओढ्यात ठेवायचे, मग खायचे. इतकं करूनही जिभेच्या मागच्या बाजूला थोडं कडू राहायचंच. आय म्हणायची, ‘तेवढं ऱ्हायलंच पायजे. समदं गेलं तर करांदा कसला?’

सोमादादा माझा मोठा भाऊ, जानी वहिनीचा नवरा. दिवाळी झाली की तो खाडीवर रेतीच्या बोटींवर जायचा. त्या कामाला डुबी म्हणतात. बोट खाडीत उभी करतात, बांबू रोवतात, आणि त्या बांबूला धरून माणूस लोखंडी बादली घेऊन तळाशी जातो. तिथे दिसत काही नाही. हातानं चाचपून रेती भरायची. वरचे लोक दोरानं बादली ओढतात आणि माणूस तिच्यामागून वर येतो. दिवसभर हेच. पावसाळ्यात घरी असला तरी दमाची सवय मोडू नये म्हणून दादा ओट्यावर पाण्यानं भरलेल्या पातेल्यात तोंड बुडवून बसायचा. आम्ही भोवती उभे. सगळं घर गप्प. मग तो डोकं वर काढून श्वास घ्यायचा. तसा आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही. आधी घशात खरखर, मग आत ओढलेली लांब शीळ.

‘नको रं असला दम घेऊस,’ आय म्हणायची. ‘भ्या वाटतं.’

दादा चेहरा पुसत हसायचा. ‘खाली काय दिसत नाय, आय. वर आलो की आधी माझाच आवाज ऐकतो. मंग समजतं, आलो.’

त्या वर्षी होळीला बोटींवरचे सगळे परत आले, दादा आला नाही. मुकादम म्हणाला, तो मध्येच दुसऱ्या बोटीवर गेला. कुठल्या, ते त्याला आठवत नव्हतं. बाबा स्वतः खाडीवर जाऊन आले. आल्यावर पाय धुतले, भाकर खाल्ली आणि म्हणाले, ‘विचारलं की समदी पान्याकडं बघतात.’ दादाच्याच बोटीवर वांगणीचा रावजी होता. तो परत आल्यापासून आमच्या घरावरची वाट सोडून ओढ्याच्या पलीकडून जायला लागला. आम्हाला वाटलं, त्याला वाईट वाटत असेल. वहिनी रोज संध्याकाळी एक भाकर जास्त थापायची, टोपलीखाली झाकून ठेवायची, आणि सकाळी तीच शिळी भाकर स्वतः खायची.

मी तेव्हा जव्हारला वसतिगृहात राहून इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं एक यंत्र बनवायचं असे, आणि सरांनी मला ॲम्प्लिफायर दिला. अट अशी की आवाज फाटता कामा नये आणि वीजही कमी लागली पाहिजे. सर म्हणाले, ‘या दोन गोष्टी एकमेकींशी भांडतात. बघ तुला समेट करता येतो का.’ मला आधी भांडणच कळलं नाही. मग फळ्यावर त्यांनी लाट काढली. आत दोन ट्रान्झिस्टर असतात. एक लाटेचा वरचा भाग उचलतो, दुसरा खालचा. एकाचं संपलं की दुसऱ्यानं लगेच घ्यायचं. पण ट्रान्झिस्टर पाऊण व्होल्टाच्या आसपास दाब मिळेपर्यंत झोपलेलाच असतो, त्यामुळे लाट एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये क्षणभर दोघेही झोपलेले. तिथे आवाज तुटतो. मोठ्या आवाजात ते खपून जातं. आवाज हळू असला की मात्र ती खरखरच वर येते.

‘म्हणजे सर, वहिनीचं मुसळ,’ मी बोलून गेलो.

‘कुणाची वहिनी?’ सरांनी विचारलं, आणि वर्ग इतका हसला की माझे कान तापले. पण नंतर प्रयोगशाळेत त्यांनी मला ते नीट सांगायला लावलं, आणि ऐकून म्हणाले, ‘तोंडी परीक्षेला हेच सांग. फक्त वहिनी कोण ते आधी सांग.’

उपाय एक असतो. दोघांनाही पूर्ण झोपू द्यायचं नाही. आवाज नसतानाही दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. त्या प्रवाहानं काम काहीच होत नाही. तो नुसता तयार राहण्यासाठी असतो. पण त्यानं यंत्र तापतं आणि बॅटरी रिकामी होते. आमच्या पाड्यावर तार पोचली नव्हती. माझ्याकडे एक सोलरचं पॅनेल आणि जीपची जुनी बॅटरी एवढंच होतं, त्यामुळे मला ते खर्चाचं दुखणं पुस्तकात वाचून समजलं नाही, घरात समजलं. दुसराही उपाय असतो. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत आत घ्यायचा, म्हणजे यंत्र आपली चूक आपणच ऐकतं आणि सावरतं. मी दोन्ही केले. वर्गात दुपारची गरमी होती, समोर लाट दाखवणारा पडदा होता. मी प्रीसेट नावाचा छोटा स्क्रू कणाकणानं फिरवत गेलो, लाटेतली खोच नाहीशी झाली तिथे थांबलो, बोटानं पाहिलं तर यंत्र कोमटसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मी मेसमध्ये दोन वेळचं एकदम जेवलो असेन.

आता माझे विद्यार्थी जे ॲम्प्लिफायर जोडतात त्यांत हे दुखणं नसतंच. ते सारखे चालू-बंद, चालू-बंद होऊन आवाज काढतात आणि गार राहतात. प्रीसेट कशाला असतो हे मी सांगायला लागलो की मुलं घड्याळाकडे बघतात. ते बरोबरच आहे.

लावणीच्या सुट्टीत यंत्र घेऊन घरी गेलो. आमच्याकडे त्या दिवसांत धुकं दरीतून वर येतं आणि अंगणात उभं राहतं. ओट्यावरून कुंपण दिसत नाही. पॅनेल पत्र्यासारखं पडून होतं, बॅटरीला त्यातून काही मिळत नव्हतं. मी माइक घरात ठेवला आणि कर्णा ओट्यावर, नुसतं ऐकायला. आत वहिनीच्या बांगड्या, गोठ्यात बैलाचं चावणं, चुलीतला ओला ढलपा. आवाज वाढवला की माणसांचे श्वास वेगळे ओळखू यायचे. बाबांचा बिडीनं जड झालेला, आयचा छोटा, वहिनीचा लांब. आणि कधी कधी मला वाटायचं की घरात जेवढी माणसं आहेत त्यापेक्षा एक श्वास जास्त आहे. मी आवाज कमी करायचो. परत मोजायला जायचो नाही.

एका संध्याकाळी बाबांनी जेवताना विषय काढला.

‘जानी, तुझा भाऊस परत येऊन गेला. किती दिस अशी बसशील?’

‘बसलेय कठं? कामच करते ना,’ वहिनी म्हणाली.

‘ल्हान हाईस तू. सोमा गेला असंल तर गेला म्हनू दे. मोकळी होशील. दुसरं घर करशील.’

‘मला कोन बांधलंय, मामा? ह्या घरातून कोन घालवतं का?’

आय म्हणाली, ‘कोन घालवंल गं? तुझ्याबिगर उखळ चालतं का?’ आणि डोळे पुसायला चुलीकडे वळली.

बाबांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला. मग म्हणाले, ‘थाळी लावू. थाळीत आला तर गेला. नाय आला तर मी परत बोलनार नाय.’

‘परत बोलायचं नाय,’ वहिनी म्हणाली, आणि ती ठरल्याची खूण झाली.

थाळीचं सांगायला हवं. पितळेच्या थाळीच्या मधोमध मेणानं सर नावाच्या गवताची काडी उभी चिकटवतात. वाजवणारा बोटं ओली करून ती काडी वरून खाली ओढत राहतो आणि थाळीतून अखंड घूंऽऽ असा आवाज येतो. त्या आवाजावर मेलेल्या माणसाची सगळी वाट गातात: जन्म, खेळ, लग्न, काम, आणि तो कुठे पोचला. शेवटी त्याला नाव घेऊन बोलावतात आणि बोटं थांबतात. आवाज विझत जातो, त्या विझण्यात माणूस आला की भावकीला कळतं. न सापडलेल्या माणसासाठी थाळी लावायची आणि ती सगळ्या भावकीनं ऐकायची, असं आमच्या पाड्यावर होतं. इतरांकडे असतं का, ते मी कधी विचारलं नाही. अडचण एवढीच होती की मांडवावर आता पानांऐवजी प्लॅस्टिक यायला लागलं होतं, आणि त्यावर पावसाचा इतका ताडताड आवाज व्हायचा की तिसऱ्या माणसाला थाळी ऐकू जायची नाही. त्यामुळे बाबा मला म्हणाले, ‘तुझी पेटी लाव.’ पेटी म्हणजे माझा ॲम्प्लिफायर. मला, खरं सांगतो, अभिमान वाटला.

दुपारची वेळ होती, पण धुक्यामुळे दिवसाला वेळच नव्हती. मांडवाखाली भावकी दाटीनं बसली. धाकलू भगत थाळी घेऊन मधे बसला. पांढऱ्या भुवयांचा, बोलायला मिश्किल म्हातारा. माइक मी थाळीखाली ठेवला. तो म्हणाला, ‘पोरा, हा तुझा माइक मला शॉक तर देनार नाय ना? न्हायतर माझीच थाळी लावाया लागंल.’ लोक हसले. अंगणाच्या कडेला पानावर दादाची वाढी, म्हणजे मेलेल्यासाठीचं जेवण, मांडली होती: भात, उडदाची आमटी, सुकट. वहिनी वाढीकडे तोंड करून बसली होती, आमच्याकडे पाठ.

थाळी सुरू झाली. धाकलू गायला, मागे दोघे झील धरत होते. दादाचा जन्म झाला, गुरं राखणं झालं, वहिनीला मागणी घालणं झालं. खाडी आली, बोट आली, बांबू आला. कर्ण्यातून सगळं स्वच्छ येत होतं आणि मी बॅटरीकडे बघत होतो. मग धाकलूनं नाव घेतलं, ‘सोमाऽऽ’, आणि बोटं थांबवली. घुंकार उतरत गेला. अगदी बारीक झाला, आणि त्या बारीक आवाजात कर्ण्यातून आधी खरखर आली, मग आत ओढल्यासारखी लांब शीळ.

तो दादाचा दम होता. पाण्यातून वर आल्यावर घ्यायचा तो.

आय किंचाळली, ‘आला!’ मांडवातली सगळी माणसं हात जोडून वाकली. बाबांचं तोंड उघडं राहिलं होतं. एक म्हातारी आत्या उठून वहिनीकडे चालायला लागली, तिच्या बांगड्या काढायला. वहिनीनं मान वळवली नव्हती, पण दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते.

माझं अंग गार पडलं होतं, आणि त्या गारव्यानंच मला सुचलं. हवा गार होती. थंडीत ट्रान्झिस्टरला जागं व्हायला दाब जास्त लागतो. त्यात बॅटरी उतरत चालली होती. वर्गातल्या गरमीत मी शोधलेली मधली जागा इथे मधली राहिलीच नव्हती. दोघेही झोपले होते, आणि विझणारी थाळी त्यांच्यामधल्या फटीत पडून खरवडली जात होती. मी ओरडलो, ‘आत्या, थांब! तो दादा नाय. पेटी फाटली.’

‘काय बोलतंस?’ बाबा म्हणाले. ‘आम्ही ऐकला ना.’

‘बाबा, गारठ्यानं असं होतं. मी नीट करतो. परत वाजवू दे.’

कुणीतरी मागून म्हणालं, ‘शिकला म्हंजे मेल्यालाबी शिकवनार काय?’

धाकलू भगतानं बोटं परत ओली केली. मग तो म्हणाला, ‘वाजवतो. मानूस आला असंल तर परत येंल. त्याला काय गाडी पकडायचीय?’

मी पेटी उघडली आणि स्क्रू फिरवला. पडदा समोर नव्हता, कानावरच करायचं होतं. थाळीला नखानं टिचकी मारायची, विझताना ऐकायचं, थोडं फिरवायचं. खरखर पातळ होत गेली आणि गेली. यंत्र बोटाला कढत लागायला लागलं. बाबांनी विचारलं, ‘बॅटरी पुरंल?’ मी म्हणालो, ‘दिवेलागणीपर्यंत नाय पुरायची. एकदा वाजवन्यापुरती हाय.’

धाकलूनं फक्त शेवट गायला. खाडी, बोट, बांबू. ‘सोमाऽऽ.’ बोटं थांबली. घुंकार उतरला, बारीक झाला, केसाएवढा झाला, आणि कुठेही न तुटता संपला. नंतर नुसता प्लॅस्टिकवरचा पाऊस. सगळे कर्ण्याकडे बघत होते. मी वहिनीकडे बघत होतो. तिच्या पाठीचा कणा एकदम ताठ झाला, कुणी मागून हाक मारावी तसा, आणि मग सैल पडला.

‘नाय आला,’ धाकलू म्हणाला. थाळी उलटी करून काडी मोडली. जाताना त्यानं माझ्या पेटीला बोट लावलं आणि हळू म्हणाला, ‘ही बंद करून ठेव. ही बोलत नाय रं. ऐकते.’

आता वाढीचं काय करायचं, हे कुणालाच कळेना. मेलेल्याचं जेवण घरात परत नेत नाहीत, आणि माणूस मेलेलाच नव्हता. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेव्हा वहिनी उठली, पानासमोर बसली आणि भात कालवून खायला लागली.

‘जाने!’ आय म्हणाली.

‘जिता हाय ना? मंग हे घरातलंच जेवन हाय,’ वहिनी म्हणाली. तिनं पान पुसून खाल्लं. आम्ही सगळे तिथे उभे होतो. एकही कावळा तोवर फिरकला नव्हता.

बाबांनी शब्द पाळला, परत कधी बोलले नाहीत. वहिनी आमच्या घरात राहिली. आय आणि बाबा गेले, मी नोकरीला लागलो, लग्न केलं, दर सुट्टीत येत राहिलो. ती उखळात एकटीच कांडायची, पुढे गिरणी आली. जास्तीची भाकर मात्र थापत राहिली. काही वर्षांपूर्वी वालाच्या शेंगा सोलताना ती आपणहून म्हणाली, ‘भावजी, दुसऱ्या टायमालाबी मला ऐकू आला होता.’

मी म्हणालो, ‘वहिनी, दुसऱ्या वेळी काहीच नव्हतं. मी नीट केलं होतं.’

‘नीट केलं होतं म्हनूनच. पहिल्यांदा समद्यांना ऐकू आला, मंग नीट केलं तवा मला एकलीला.’ ती शेंगा सोलतच राहिली. ‘मी बोलले नाय. बोलले असते तर बांगड्या काढल्या असत्या.’

याचं मी काय करावं, हे मला आजही समजत नाही. तो ॲम्प्लिफायर अजून माझ्याकडे आहे. मी तो इथल्या, नोकरीच्या गावातल्या थंडीत लावून पाहिला आहे, प्रीसेट कमी करून, अर्ध्या बॅटरीवर, थाळी वाजवून. खरखर येते. शीळ येत नाही.

यंदा पाऊस उघडल्यावर मी घरी गेलो होतो. दुपारी अंगणात एक म्हातारा काठी टेकत आला. वांगणीचा रावजी. ओढ्यापलीकडची वाट सोडून आमच्या वाटेनं आला होता. छाती भात्यासारखी चालत होती. डुबीवाल्यांच्या छातीचं शेवटी असंच होतं. वहिनीनं त्याला पाणी दिलं. तो प्यायला नाही, लोटा हातात धरून बसला.

‘जानीबाय,’ तो म्हणाला, ‘मुकादमानं आमाला शपथ घातली होती. तो मेला. आता मीबी चाललो. सोमा दुसऱ्या बोटीवर गेला नाय. होळीच्या आदीच झालं ते. वर आला, दम घेतला, त्याचा तो तसला, परत खाली गेला. मंग आमी दोर वडला, तो मागून आला नाय.’

वहिनी उंबऱ्यात बसली होती. तिनं पदर नीट केला आणि विचारलं, ‘बादली वर आली?’

‘आली,’ रावजी म्हणाला. ‘भरून आली.’